क्राकूवहून आबांना

क्राकूव, ३ नोव्हेंबर

तीर्थरूप आबांना,
गौरीचा साष्टांग नमस्कार.

मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, "तिथं पोलंडात कुणी विज्ञानकथा लिहिणारा आहे का गं?" आता हयात नाही, पण होता, आणि चांगलाच मोठा होता. स्तानिस्लाव लेम. फोनवर सांगायला बसले तर आई मधेच "जेवलीस का" म्हणून फोन काढून घेते, म्हणून लिहूनच कळवते.

परवा १ नोव्हेंबरला इथं गेलेल्या माणसांचा दिवस होता. अख्खं शहर काचेतले दिवे घेऊन कबरस्तानांत जातं, ट्रामला पाय ठेवायला जागा नसते. मी सालवातोरच्या टेकडीवर गेले होते, तिथं लेमची कबर आहे. त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय, 'मला जमलं ते मी केलं, ज्यांना जमेल त्यांनी याहून चांगलं करावं.' भोवती दिव्यांची दाटी होती आणि त्यात कुणीतरी पत्र्याचा खेळण्यातला रोबो आणून ठेवला होता.

त्याचा जन्म १९२१ चा, ल्वूवचा. ते शहर तेव्हा पोलंडात होतं, आता युक्रेनमध्ये आहे. लढाईच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या निर्वासित कॅम्पात पणजी ज्यांच्याकडे दूध घालायची, ती पोलिश बायकापोरं बरीचशी त्याच पूर्वेच्या भागातली. रशियनांनी त्यांना उचलून सैबेरियात नेलं, तिथून इराणमार्गे ती आपल्याकडे आली. लेमचं कुटुंब मात्र ल्वूवमध्येच राहिलं आणि जर्मनांच्या तावडीत सापडलं. घराणं ज्यू. बहुतेक नातेवाईक मारले गेले. लेम आणि त्याचे आईवडील खोट्या कागदपत्रांवर वाचले. तो एका जर्मन कंपनीत गाड्या दुरुस्त करायचा, वेल्डिंग करायचा.

आता गंमत बघा. शाळेत असताना त्याला एकच नाद होता. तासाला मास्तरांची नजर चुकवून खोटी ओळखपत्रं आणि परवाने तयार करायचे. कुठल्याशा मनातल्या किल्ल्यात शिरायचे ते परवाने, त्यांवर शिक्के, सह्या, नंबर, कुणाला कुठवर सोडायचं ते सगळं नीट लिहिलेलं. आपल्या लहानपणावर त्याने एक पुस्तक लिहिलंय, त्यात हे पानंच्या पानं आहे. मला ते त्याच्या बऱ्याच रॉकेटांपेक्षा जास्त आवडलं.

लढाईनंतर सगळं सोडून ही मंडळी क्राकूवला आली. तो डॉक्टरकी शिकला, पण शेवटच्या परीक्षेला मुद्दाम बसलाच नाही, कारण पास होणाऱ्यांना सरळ लष्करात डॉक्टर म्हणून धाडत होते. (हे आपल्या सोनूच्या कानावर घालू नका, त्याला निमित्तच हवंय.) मग विज्ञानाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत लागला. तिथं अमेरिकेहून पुस्तकं यायची. ती वाचायची म्हणून शब्दकोश उशाशी घेऊन इंग्रजी शिकला.

त्याची पहिली गंभीर कादंबरी वेड्यांच्या इस्पितळावर होती. जर्मन येऊन तिथल्या रोग्यांना मारतात, अशी. १९४८ मध्ये लिहून तयार होती, पण सरकारी प्रकाशनवाल्यांनी "हे बदला, ते घाला" करत १९५५ पर्यंत लटकवली. तेवढ्यात १९५१ मध्ये शुक्रावर जाणाऱ्या माणसांची कादंबरी मात्र पटकन छापली गेली. ती त्याला स्वतःलाही पुढे आवडेनाशी झाली, आणि मी चाळली तेव्हा मलाही भाबडीच वाटली. पण तेव्हापासून त्याला वाट सापडली. दुसऱ्या ग्रहावरच्या मूर्ख राजाबद्दल लिहिलं की सेन्सॉरला हात घालायला जागा उरत नाही. यंत्रं बांधणाऱ्या दोन यंत्रांच्या त्याच्या गोष्टी आहेत, १९६५ च्या. त्या तुम्हाला हसवतील.

'सोलारिस' १९६१ चं. एका ग्रहावरचा समुद्रच जिवंत असतो. माणसं पिढ्यान् पिढ्या त्याचा अभ्यास करतात, ग्रंथालयं भरतात, पण कळत काहीच नाही. तार्कोव्हस्की नावाच्या रशियन दिग्दर्शकाने त्यावर सिनेमा काढला. लेम त्याच्याशी भांडभांड भांडला, कारण त्याला हवा होता तो न कळणारा समुद्र आणि सिनेमावाल्याला हवी होती माणसाच्या मनातली टोचणी. मी लेमच्या बाजूची. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कादंबरीत हातात धरून पानं बदलता येणारं विजेवरचं पुस्तक आहे, तुम्हाला दिलेल्या किंडलसारखंच. लोक यावरच लेख लिहितात. मला त्याचं एवढं कौतुक नाही.

अमेरिकन विज्ञानकथाकारांबद्दल त्याचं मत वाईट. त्यांच्या संघटनेने त्याला १९७३ मध्ये मानद सदस्यत्व दिलं आणि १९७६ मध्ये काढूनही घेतलं. त्यांच्यातला एकच त्याला भावला, फिलिप डिक. आणि या डिकने १९७४ मध्ये एफबीआयला काय कळवावं? की लेम नावाचा एक माणूस नसावाच, ती कम्युनिस्टांची एक समितीच असावी, एकटा माणूस इतक्या तऱ्हांनी लिहील कसा! पुढच्याच वर्षी लेमने त्याची तोंडभरून स्तुती करणारा लेख छापला.

१९८१ च्या डिसेंबरात इथं लष्करी कायदा आला. त्यानंतर तो बर्लिनला आणि मग व्हिएन्नाला राहिला, १९८८ मध्ये परतला. २००६ मध्ये गेला.

आणि हो, त्याला मधुमेह होता. तरी गोड सुटलं नाही, हलवा तर जीव की प्राण. इथला हलवा तिळाचा असतो, प्रत्येक दुकानात मिळतो. तो चोरून खायचा आणि कागद लपवायचा, त्याच्या मुलाने लिहिलंय. तुमच्या कपाटामागे आईला सापडलेल्या पेढ्याच्या कागदांचं काय झालं, ते मी विचारत नाही. हलवा डिसेंबरात घेऊन येते, एक वडी तुमची, बाकीची आईच्या ताब्यात.

एक काम करा. कॅम्पातल्या लोकांचं तुम्हाला जे आठवतं ते सोनूला सांगून फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. इथं माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकीची आजी लहानपणी वळिवड्यात होती. ती सारखी विचारते, आणि मला कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये त्या लोकांचं स्मारक आहे, त्यापलीकडे काही सांगता येत नाही. दूध कुणाकडे जायचं, पैसे द्यायचे की काय, पोरं मराठी बोलायची का, सगळं सांगा.

गोळ्या वेळेवर घ्या. आईला, बाबांना नमस्कार.

तुमची,
गौरी