एक मीटर एकवीस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर द्यायला उशीर झाला त्याला कारण तूच आहेस. "फोन खिशात आहे, चार फोटो काढले की काम संपलं. आठ जण टेप धरून नऊ दिवस काय करता?" असं तू लिहिलंस, तेव्हा मी खरंच चिडलो होतो. त्याच रात्री लिहिलं असतं तर पत्रात नुसत्या शिव्या असत्या. बरं झालं, थांबलो. कारण मधल्या दिवसांत असं काही घडलं की ते तुला, म्हणजे दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या माणसालाच, सांगायला हवं.

आम्हा वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना मोजून नकाशे काढायला मिळालंय ते एक जुनं दुमजली घर. जाड भिंती, चुन्याचा गिलावा, लाकडी तुळया. पहिला दिवस तर टेपशी भांडण्यातच गेला. टेपच्या टोकाला ती पत्र्याची आकडी असते ना, ती हलते. मला वाटलं ढिली झालीय, म्हणून मी दगडाने ठोकून घट्ट बसवली. सर बघतच राहिले. अरे, ती मुद्दाम सैल ठेवलेली असते, तिच्या स्वतःच्या जाडीइतकी. बाहेरून अडकवली तर पुढे सरकते, आतून टेकवली तर मागे जाते, आणि दोन्ही मापं बरोबर येतात. पाच वर्षं मी टेप वापरतोय आणि हे मला ठाऊक नव्हतं! त्या टेपची सगळी मापं आम्ही पुन्हा घेतली.

दुसरी गोष्ट शिकलो ती कर्णाची. खोलीच्या चारही भिंती मोजल्या तरी खोली कळत नाही. चार बाजू त्याच ठेवून चौकोन हवा तसा तिरका करता येतो. कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात टेप गेला की मग तो पक्का होतो. या घरात एकही खोली काटकोनात नाही. मापं घ्यायची तीही सलग, एकाच शून्यापासून. खिडकी, मग भिंत, मग दार असं तुकड्यातुकड्याने मोजत गेलं की प्रत्येक तुकड्याची चूक पुढच्यात मिसळते, आणि शेवटच्या दारापर्यंत तिची चांगली वीतभर होते. उंचीसाठी जमिनीवर भरवसा ठेवायचा नाही, जमीनच उतरती असते. पारदर्शक नळीत पाणी भरून घरभर एक समपातळी रेघ फिरवायची, आणि खिडकीची उंची असो की तुळईची, ती त्या रेघेपासून मोजायची.

आता मुद्द्याचं. मागच्या भिंतीची बाहेरून लांबी भरली १४.३२ मीटर. आत तीन खोल्या : ४.१०, ३.८६ आणि ३.०५. टोकाच्या दोन भिंती साठ-साठ सेंटिमीटरच्या. मधल्या दोन भिंतींपैकी एकीला दार आहे, त्यामुळे तिची जाडी सरळ मोजता आली, पंचेचाळीस. दुसरीला दार नाही, खिडकी नाही, काहीच नाही, म्हणून तीही पंचेचाळीसच धरली. बेरीज तूच कर. १३.११ येते. एक मीटर एकवीस सेंटिमीटर कुठे गेले?

तुमच्यात असा फरक निघाला की त्याला सस्पेन्स खात्यात टाकतात आणि छडा लागेपर्यंत तो डोळ्यांसमोर ठेवतात, हे तूच मला कधीतरी सांगितलं होतंस. मी काय केलं माहितेय? रात्रीचे दोन वाजले होते, सकाळी नकाशाची शीट दाखवायची होती. ती बिनदाराची भिंत मी एक मीटर सहासष्ट सेंटिमीटर जाड काढली, आत काळा रंग भरला आणि झोपलो. ताळा जुळला. नकाशात भिंत काळी भरायची पद्धतच आहे, तेव्हा कुणी काही विचारलंही नाही. उलट एका पाहुण्या परीक्षकांनी "जुन्या बांधकामाचा भारदस्तपणा छान आलाय" म्हणून त्याच भिंतीवर बोट ठेवलं. आणि बाकीच्या भिंती तेवढ्या सरळ करून घ्या, तिरक्या बऱ्या दिसत नाहीत, असंही जाता जाता सांगून गेले.

खोटं सांगत नाही, तेव्हा मला त्यांचं पटलं होतं. हात आपोआप सरळच रेघ मारतो रे. कॉम्प्युटरवर तर काटकोनाचं बटण दाबलेलंच असतं, नव्वदला साडेअठ्याऐंशी करायला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात. पण अथेन्सच्या पार्थेनॉनचंच बघ. बघणाऱ्याला ते सरळ रेषांचं देऊळ वाटतं. १८४६-४७ मध्ये फ्रान्सिस पेनरोज नावाच्या वास्तुविशारदाने तिथे बसून बारकाईने मापं घेतली, तर ज्या पायरीवर खांब उभे आहेत ती पायरीच मध्यावर फुगलेली निघाली. लांब बाजूला साधारण अकरा सेंटिमीटर, सत्तर मीटरच्या लांबीत! खांबही आत कललेले. त्याने 'सरळ करून' काढलं असतं तर बांधणाऱ्यांनी एवढ्या खटपटीने केलेलं सगळं कागदावरून पुसलं गेलं असतं. आमच्या घराच्या तिरक्या भिंतींमागे असलं काही शहाणपण नसेलही, बहुधा नाहीच. पण ते ठरवणारा मी कोण?

माझी चोरी पकडली ती वरचा मजला मोजणाऱ्या मुलीने. तिने तिचा नकाशा ट्रेसिंग पेपरवर काढला होता, तो माझ्या नकाशावर ठेवला. माझी ती दांडगी भिंत वर गेल्यावर पंचेचाळीस सेंटिमीटरची झाली होती आणि वरची खोली खालच्या खोलीपेक्षा बरोबर एक मीटर एकवीसने मोठी होती. ती काही बोलली नाही. मला हाताला धरून वर घेऊन गेली आणि जमिनीकडे बोट दाखवलं. सगळ्या फळ्या आडव्या, आणि भिंतीलगतच्या लांबट चौकोनात तेवढ्या उभ्या. लाकूडही वेगळं, खिळेही नवे. तिने ते दोन दिवसांपूर्वीच नकाशात काढून ठेवलं होतं, फळी न् फळी. मी मात्र तिला "एवढ्या फळ्या कशाला काढत बसलीस" म्हणून हसलो होतो.

खाली येऊन भिंतीवर टकटक केली. एरवी ठोकलं की दगडाचा ठस आवाज यायचा, इथे डब्यासारखा पोकळ आला. गिलावाही चुन्याचा नव्हता, सिमेंटचा होता, करडा आणि कडक. इतके दिवस त्याच भिंतीला टेकून मी आकडे लिहीत होतो! वर तुळईपाशी बोटभर फट होती. शिडीवर चढून त्यातून फोन आत घातला, दिवा लावून फोटो काढला. (हो, फोन. हस आता.) धूळ, कोळिष्टकं, आणि खाली अंधारात उतरणाऱ्या पाच दगडी पायऱ्या.

धावत घरमालक आजोबांकडे गेलो. ते ओट्यावर पेपर वाचत होते. म्हणाले, "होता ना तिथे जिना. माझ्या लहानपणी कुणीतरी पडलं, म्हणून वडिलांनी बुजवला." मग चष्मा काढून म्हणाले, "तुम्ही मला विचारलंत कुठे?"

अरे, सहा दिवस आम्ही त्या माणसाच्या घरात टेप घेऊन हिंडत होतो. त्यांच्या पायावर टेप ठेवून मापं घेतली, पण त्यांच्याशी बोललो नाही. आता रोज अर्धा तास एक जण त्यांच्यापाशी वही घेऊन बसतो.

तुझ्या फोनच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. फोटोवरून इमारत मोजण्याची कल्पना एकाला सुचली ती मोजता मोजता पडायची वेळ आल्यामुळे. १८५८ मध्ये आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर हा जर्मन तरुण वेट्झलारचं कॅथेड्रल मोजत होता. उंचावरून तोल जाता जाता वाचला, आणि चढण्याऐवजी फोटोवरून मापं काढता येतील का, हे त्याच्या डोक्यात शिरलं. आज लेसर स्कॅनर आहेत. अँड्र्यू टॅलन या प्राध्यापकाने पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचा असा स्कॅन केला होता, त्यात मोजलेले अब्जावर बिंदू होते. २०१९ ला तिथे आग लागली तेव्हा तो स्कॅन होता म्हणून मोठा आधार वाटला. टॅलन स्वतः आदल्याच वर्षी वारले होते. तेव्हा मी यंत्राच्या विरोधात नाही, फुकट मिळालं तर आजच वापरीन. पण यंत्र पृष्ठभाग बघतं. आमच्या भिंतीपुढे ठेवलं असतं तर त्यानेही दोन्ही बाजू अगदी अचूक दाखवल्या असत्या, मधला एक मीटर सहासष्ट तसाच राहिला असता, आणि त्यात काळा रंग भरायला मी होतोच.

आणि विद्यार्थ्यांच्या मोजणीला तू "गृहपाठ" म्हणालास म्हणून एवढं सांगतो. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात वॉर्सातल्या तंत्र विद्यापीठाची वास्तुकलेची मुलं शहरातल्या जुन्या इमारती मोजून काढत होती. म्हणजे गृहपाठच. १९४४ च्या नाझींविरुद्धच्या उठावानंतर जुनं शहर जवळजवळ सगळं उद्ध्वस्त झालं, ८५ टक्क्यांहून जास्त. ती रेखाटनं मात्र शहराबाहेर काढून पोलंडमधल्याच प्योत्रकूव्ह गावच्या एका मठात लपवली होती. युद्धानंतर जुनं वॉर्सा पुन्हा उभं केलं ते इतर गोष्टींबरोबर या कागदांवरून. १९८० साली ते जागतिक वारसा यादीत गेलं. त्या मुलांपैकी कुणी रात्री दोन वाजता कंटाळून एखादी भिंत काळी केली असेल का, हा विचार हल्ली माझ्या डोक्यातून जात नाही.

माझी शीट मी बदलली आहे. भिंत आता पंचेचाळीसची, मग पंचाहत्तर सेंटिमीटरचा जिना, मग शेचाळीसची नवी भिंत. दिसलेल्या पाच पायऱ्या तुटक रेघांनी काढल्यात, कारण प्रत्यक्ष मोजलेल्या नाहीत. खालच्या काढल्याच नाहीत. तिथे कोरी जागा आहे आणि बारीक अक्षरात लिहिलंय, 'पाहता आले नाही'. सरांनी तेवढंच वाचलं आणि मान हलवली. तिरक्या भिंतीही तिरक्याच ठेवल्या. पुढच्या वेळी ते परीक्षक आले तर मार्क जातील, जाऊ देत.

आजोबांनी भिंत फोडायला नाही म्हटलंय, आणि बरोबरच आहे. पण फटीतून काठीला टेप बांधून आत सोडायला हरकत नाही म्हणाले. फोनचा उजेड तिथवर पोचत नाही. तेव्हा ट्रेकला नेतोस ती तुझी लांब झोताची टॉर्च या आठवड्यात पाठव, सेल घालून. नाहीतर तूच घेऊन ये, शिडी धरायला माणूस हवाच आहे.

तुझा,
ताळा जुळवणारा