स्वस्त मजुरीची जाहिरात थांबवा, खरा तक्ता मांडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उद्योग मुंबई-ठाण्याबाहेर न्यावेत, कोकण-मराठवाड्यात हाताला काम मिळावे, यावर आपल्या पानांवर वेळोवेळी लिहून येते. त्या मागणीला माझा मनापासून पाठिंबा आहे. मात्र मागास तालुक्यांकडे कारखानदारांना बोलावताना जो मुद्दा सगळ्यात पुढे केला जातो, त्याला माझी हरकत आहे. आमच्याकडे मजूर स्वस्त मिळतो, हा तो मुद्दा. नोकरीची सगळी वर्षे मी कारखान्यांच्या कॉस्टिंग खात्यात काढली. कारखाना कुठे हलवायचा, हे ठरवणारे तक्ते करणे हेच माझे काम होते. त्या अनुभवावरून सांगतो, हा मुद्दा हिशेबात टिकत नाही आणि जिल्ह्याच्या हिताचाही नाही.

आधी कायद्याचे बघू. महाराष्ट्रात किमान वेतन परिमंडळांनुसार ठरते. साधारणपणे महापालिकांचा भाग पहिल्या परिमंडळात, अ आणि ब वर्गाच्या नगरपालिका दुसऱ्यात आणि उरलेला मुलूख तिसऱ्यात येतो. 2019 साली दुकाने व व्यापारी आस्थापनांसाठी कुशल कामगाराचे मूळ वेतन पहिल्या परिमंडळात महिना 11,632 रुपये ठरले, तिसऱ्यात 10,440. म्हणजे फरक बाराशेच्या आत. त्यावर महागाईनुसार दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता असतो, तो सगळीकडे सारखाच. त्यामुळे एकूण रकमेत हा फरक आणखी पातळ होतो. मग मालकाचा वाटा येतो. भविष्य निर्वाह निधी आणि त्याचे आनुषंगिक खर्च मिळून तेरा टक्के, ईएसआयसी म्हणजे कामगार विमा सव्वातीन टक्के, बोनस किमान 8.33 टक्के, ग्रॅच्युइटीची तरतूद पावणेपाचच्या आसपास. प्रत्येकाची आकारणी वेगळ्या रकमेवर होते, पण मुलुंड असो की मंडणगड, टक्का तोच. तालुका बदलला म्हणून यातले काहीही माफ होत नाही.

तरीही एखाद्या तालुक्यात मजुरी खरोखरच खूप कमी दिसत असेल, तर तिथे बहुधा कायदा पाळला जात नसतो किंवा हजेरी ठेकेदाराच्या वहीत लागत असते. शासनाने किंवा जिल्हा उद्योग केंद्राने अशा आकड्याची जाहिरात करणे मला शोभादायक वाटत नाही.

आता कारखान्याच्या बाजूने पाहू. मालकाला रोजंदारी महत्त्वाची नसते, नगामागे पडणारी मजुरी महत्त्वाची असते. समजा, ठाण्यातल्या कामगाराला दिवसाला 800 रुपये पडतात आणि त्याच्या हातून शंभर नग उतरतात. नगाला आठ रुपये पडले. दुसरीकडे 500 रुपयांत माणूस मिळाला, पण नवखेपणामुळे, लाइट गेल्यामुळे, सुटा भाग पुण्याहून यायला दोन दिवस लागल्यामुळे सरासरी पंचावन्नच नग निघाले. नगाला नऊ रुपयांच्या वर गेले. वर रिजेक्शन वेगळे. शिकवून तयार केलेला ऑपरेटर सहा महिन्यांत सोडून गेला की शिकवण्याचा खर्च पुन्हा पहिल्यापासून. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण प्रत्येक कॉस्टिंगवाल्याने अशी बेरीज कधी ना कधी केलेली असते. शिवाय बहुतेक कारखान्यांत कच्च्या मालाचा खर्च मजुरीच्या कितीतरी पट असतो. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण 2011 पासून रखडत चालले आहे. मजुरीत वाचवलेले पैसे ट्रकच्या भाड्यात आणि खोळंब्यात जाणार असतील, तर मालकाने यायचे कशासाठी?

माझे गाव कोकणातले, म्हणून तिथलेच उदाहरण घेतो. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 4.8 टक्क्यांनी घटली, सिंधुदुर्गाची 2.2 टक्क्यांनी. सगळ्या राज्याची वाढत असताना यांची कमी झाली. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. कमावते पुरुष मुंबईत, विरारला, दिव्याला. आज आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी माणूस असतो आणि मच्छीमार बोटींवर खलाशी बाहेरून आणावे लागतात. जिथे माणूसच उरलेला नाही, तिथे मजूर स्वस्त आहे म्हणजे नेमके काय? तक्त्यात दर दिसतो, पण त्या दराने कामाला येणारा माणूस गावात नाही.

आणि जो गावात राहिला आहे, तो तुलना कोणाशी करतो? दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी पट्ट्यातली मुले मोटारसायकलने रोज गोव्यातल्या कारखान्यांत कामाला जातात. दोडामार्ग तालुक्यातल्याच आडाळीच्या एमआयडीसीत उद्योग यावेत म्हणून तिथले लोक वर्षानुवर्षे मागणी करत आहेत. या मुलाच्या हिशेबात मुंबईचा पगार नसतो, सीमेपलीकडचा असतो. 2024-25 मध्ये रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात 297 रुपये होती, गोव्यात 356. सरकारी दरातच एवढी तफावत असेल, तर आडाळीत येणाऱ्या कारखान्याने मुंबईशी तुलना करून पगार ठरवला की त्याच्या दारात कोणी उभे राहणार नाही. प्रत्येक तालुक्याचा असा एक जवळचा प्रतिस्पर्धी असतो. पालघरला वापी, कागलला कर्नाटकची हद्द. तुलना करायची तर त्याच्याशी करा.

मग गावाकडे जाण्यात मालकाचा फायदा काहीच नाही का? आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. मुंबईतल्या कामगाराच्या पगारातला मोठा लचका खोलीभाडे तोडते. उरलेल्यातून लोकलचा पास, बाहेरचे खाणे, गावी पाठवायचे पैसे. स्वतःच्या घरात राहणाऱ्या, घरचा तांदूळ खाणाऱ्या माणसाला थोड्या कमी पगारातही महिनाअखेरीस तेवढीच शिल्लक पडते. भाडे आणि प्रवास वजा करून जो फरक उरतो, तेवढाच पगारातला फरक न्याय्य म्हणता येईल, आणि त्यातलाही काही भाग कामगाराकडेच राहायला हवा. तरच तो टिकेल. मुंबईहून परत जायला तयार असलेले टर्नर, फिटर, वेल्डर मला ठाऊक आहेत. ते पगाराचा मोठा आकडा मागत नाहीत. मुलांची शाळा कुठे, कापलेल्या ईएसआयसीचे रुग्णालय किती लांब, कंपनी दोन वर्षांत गाशा गुंडाळणार नाही ना, हे प्रश्न ते विचारतात.

ही शेवटची भीती मी लालबाग-परळमध्ये जवळून पाहिली आहे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, बरेचसे कोकण आणि घाटावरचे. पण कापड विणण्याचे काम त्याआधीपासूनच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकत होते, कारण तिथे बारा-बारा तासांच्या पाळ्या होत्या आणि मजुरी मीटरवर मिळत होती. त्या कमी मजुरीने भिवंडीच्या मागवाल्याला तरी काय दिले? आज त्याच भिवंडीतले माग भंगारात विकले गेल्याच्या बातम्या आपण छापता. स्वस्त मजुरीसाठी आलेला धंदा त्याहून स्वस्त जागा सापडली की उठतो. मागे राहिलेल्या माणसांचे काय होते, हे गिरणगावाच्या दोन पिढ्यांनी भोगले आहे.

उलट उदाहरणही ताजे आहे. डिसेंबर 2023 मध्ये सुरतेत हिरे बाजाराच्या भव्य इमारतीचे उद्घाटन झाले. जागा प्रचंड, घासणारे कारागीर शहरातच. तरी मुंबईतल्या अनेक व्यापाऱ्यांनी वांद्रे-कुर्ला संकुल सोडले नाही. बँका, विमानतळ, परदेशी गिऱ्हाईक, वर्षानुवर्षांचे संबंध यांची किंमत त्यांनी जागेच्या बचतीपेक्षा जास्त धरली. मालक इतका बारीक हिशेब करतो. त्याच्यासमोर नुसता रोजंदारीचा दर ठेवून तो येईल, ही अपेक्षा भाबडी आहे.

महाराष्ट्रात मागास भागात जाणाऱ्या उद्योगांना सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून आहे, एमआयडीसी 1962 पासून. औद्योगिक मागासलेपणानुसार तालुक्यांची अ, ब, क, ड, ड+ अशी वर्गवारी आहे. वीजदरात सवलत आहे, मुद्रांक शुल्कात सूट आहे. कमतरता आहे ती तालुकावार खऱ्या माहितीची. माझी मागणी अगदी साधी आहे. प्रत्येक जिल्हा उद्योग केंद्राने दरवर्षी एक तक्ता प्रसिद्ध करावा. त्यात असे असावे: चालू कारखान्यांत प्रत्येक हुद्द्याला प्रत्यक्ष हातात पडणारा पगार, शेजारच्या औद्योगिक पट्ट्यातला त्याच हुद्द्याचा पगार, वर्षभरात किती जण सोडून गेले, जवळच्या आयटीआयमधून कोणत्या ट्रेडची किती मुले बाहेर पडली आणि त्यातली किती जिल्ह्यात राहिली, महिन्यातून वीज किती तास गेली, बंदरापर्यंत कंटेनरचे भाडे किती. कामाचे वर्ष कसे असते, हेही लिहावे. कोकणात लावणीला, गणपतीत आणि शिमग्याला माणूस गावचा असतो. बाहेरचा मॅनेजर त्याला दांडी म्हणतो आणि पगार कापतो. तेच दिवस आधीपासून सुट्टीचे धरले आणि पाळ्या पुढेमागे केल्या, तर नुकसान होत नाही. लावणीत यंत्रांची देखभाल उरकून घेणारे कारखाने मी पाहिले आहेत.

केंद्राच्या श्रमशक्ती पाहणीत जानेवारी 2025 पासून नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरला जातो. त्यामुळे पाया तयार आहे, त्यावर तालुक्याचे काम करायचे आहे. हे माणसे नेमून करण्याजोगे काम आहे, त्याला मोठा निधी लागत नाही. आयटीआयचे निदेशक, स्थानिक उद्योजक संघटना आणि कामगार संघटना यांना एकत्र बसवले, तर पहिला तक्ता एका पावसाळ्यात होऊ शकतो. कामगार संघटनांना त्यात घ्यायलाच हवे, नाहीतर पगाराचा रकाना मालक सांगेल तसा भरला जाईल.

आपल्या दैनिकाचे वार्ताहर प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांनी आपापल्या उद्योग केंद्रात जाऊन हा तक्ता मागावा आणि काय उत्तर मिळाले ते छापावे, अशी विनंती करतो. सुरुवात सिंधुदुर्गापासून केलीत तर कुडाळच्या जुन्या एमआयडीसीतल्या शेडची स्थितीही सोबत द्यावी.

आपला,
एक निवृत्त कॉस्ट अकाउंटंट,
मुलुंड (पूर्व), मुंबई