कारवीच्या बोंडांचीही बातमी करा

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या अंकात पहिल्याच पानावर कारवीचा, म्हणजे डोंगरउतारांवरच्या त्या निळ्याजांभळ्या फुलांच्या झुडपाचा, फुलोरा पाहून सकाळ छान गेली. फोटोखाली मात्र ‘नीलकुरिंजी’ छापलं होतं. ती कारवीची चुलत बहीण, दक्षिणेतल्या उंच डोंगरांवरची, बारा वर्षांनी फुलणारी; 2018 साली मुन्नारला फुलली होती. आपल्या सह्याद्रीतल्या कारवीचा फेरा आठ वर्षांचा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती 2008, 2016 आणि 2024 साली फुलली, तिन्ही वेळा मी गेलो होतो. ‘सात वर्षांनी’ म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. सात पावसाळे नुसती पानं आणि आठव्यात फुलं; मोजायला कुठून सुरुवात करता, एवढाच प्रश्न. शिवाय सगळे डोंगर एकाच वर्षी फुलत नाहीत, त्यामुळे दर श्रावण-भाद्रपदात कुठून तरी बातमी येतेच.

पण पत्र लिहायला बसलो ते यासाठी नाही.

डोंगरात भटकणाऱ्याला कारवी आधी हाताला कळते, फुलं नंतर. घसाऱ्यावर पाय सुटला की माणूस पहिली झडप कारवीच्या काठीवर घालतो, आणि सहसा ती दगा देत नाही. उभ्या उतारावरची मातीही तीच धरून ठेवते. उन्हाळ्यात पानं झडून नुसत्या काठ्या उरतात, नवख्याला वाटतं सगळं रान वाळून गेलं. जूनमध्ये तेच रान हिरवंगार. याच काठ्यांचे कूड बांधून, शेणामातीने लिंपून डोंगरकपारीच्या वाड्यापाड्यांवर कित्येक पिढ्यांनी घरं उभी केली.

फुलून गेलेली कारवी मात्र खरोखरच मरते. निळ्याजांभळ्या फुलांवर चार दिवस मधमाश्यांची झुंबड असते, मग चिकट, उग्र वासाची कणसं तेवढी उरतात. हात लावला तर वास बराच वेळ बोटांवर राहतो. बोंडं त्या मेलेल्या काठ्यांवरच सुकत राहतात आणि पुढच्या वर्षी पावसाळा तोंडावर आला की फुटतात. 2017 च्या मे अखेरीस त्याच राष्ट्रीय उद्यानात, ठाण्याकडच्या येऊरच्या बाजूला मी हे ऐकलंय. आधी वाटलं, कुणीतरी पाचोळ्यातून चालतंय. मग डावीकडे तड्, उजवीकडे तड् तड्, आणि एक बी थेट माझ्या चष्म्यावर येऊन आपटलं. पुढच्या आठ वर्षांचं रान म्हणजे हेच बी.

आता अडचण अशी, की फुलोरा ऑगस्ट-सप्टेंबरात आणि बी सुटायचं पुढच्या मे-जूनला. मधले महिने वणव्याचे. कुणी गवत चांगलं यावं म्हणून पेटवतं, कुणी मुक्कामाची शेकोटी तशीच सोडून उतरतं. एरवीच्या वर्षी आग लागली, तर मुळांतून पुन्हा फुटायची थोडीफार आशा असते. फुलोऱ्यानंतरच्या उन्हाळ्यात तीही नाही; झाडं मेलेली, जे काही आहे ते बोंडांत. असाच एक जळालेला उतार मी पाहिला आहे. आदल्या पावसाळ्यात तिथे फोटो काढायला गाड्यांची रांग होती.

तेव्हा दोन मागण्या. ज्या उतारांवर यंदा कारवी फुलली, तिथे वनखात्याने जाळरेषा (वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे) सगळ्यात आधी काढाव्यात, आणि ‘वाळकं रान’ म्हणून त्या काठ्या पावसाआधी कुणाला तोडू देऊ नयेत. दुसरी मागणी आपल्याकडे. फुलांना पहिलं पान दिलंत, आता फेब्रुवारीत या बोंडांना आतलं एखादं तरी द्या. फोटो लागला तर माझ्याकडे त्या काळ्या उताराचा आहे. रंगीत छापायची गरज पडणार नाही.

– एक डोंगरभटक्या वाचक, ठाणे