कीलेस सुविधा बंद कशी करायची, तेही छापा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहन पुरवणीत नव्या गाड्यांची तुलना करणारा तक्ता येतो, तो मी नेमाने वाचतो. त्यात ‘कीलेस एन्ट्री’ (चावी बाहेर न काढता दार उघडणं) आणि ‘पुश बटण स्टार्ट’ (बटण दाबून इंजिन सुरू करणं) यांच्यापुढे एक तर बरोबरची खूण असते, नाही तर फुली. खूण असलेली गाडी वरच्या दर्जाची, फुलीवाली खालची, असाच अर्थ वाचक घेतो आणि शोरूममध्येही त्याला तेच सांगितलं जातं. पण ही सुविधा मालकाला बंद करता येते का, हे त्या तक्त्यात कधीच नसतं. ते असायला हवं, एवढ्यासाठी हे पत्र.

सोय खरी आहे, हे आधी मान्य करतो. माझ्या आईच्या बोटांना संधिवात आहे. बारीक चावी भोकात घालून पिळायची म्हणजे तिच्या डोळ्यांत पाणी येई. आता पर्समधून काही काढावं लागत नाही, हँडलला हात लावला की दार उघडतं. कडेवर मूल असलेल्या बाईला, कुबड्या घेऊन चालणाऱ्याला ही गोष्ट किती मोलाची आहे, हे धडधाकट माणसाला चटकन कळत नाही. त्यामुळे ‘जुनी चावीच बरी’ म्हणणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. शिवाय चावी पिळून चालू होणारी गाडी आपोआप सुरक्षित असते, असंही नाही. अमेरिकेत ह्युंदाई आणि किया यांच्या २०१५ च्या मॉडेलांपैकी फक्त २६ टक्क्यांत इमोबिलायझर, म्हणजे योग्य चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, मुळातून बसवलेला होता. इतर कंपन्यांत हेच प्रमाण ९६ टक्के होतं. पुढे या गाड्या चोरण्याची रीत व्हिडिओंतून पसरली आणि चोऱ्यांची लाटच आली. म्हणजे प्रश्न चावीच्या आकाराचा नाही. कोणत्या चावीमागे काय संरक्षण आहे आणि ते मालकाला सांगितलंय का, हा आहे.

कीलेस गाडीत नेमकं काय होतं, ते बघा. चावी, म्हणजे छोटा रिमोट, खिशात ठेवून हँडलला हात लावला की गाडी सुमारे १२५ किलोहर्ट्‌झचा एक हलका संदेश सोडते. तो जेमतेम मीटर-दीड मीटर पोचतो. चावी तो ऐकते आणि सांकेतिक उत्तर धाडते, बहुतेक ठिकाणी ४३३ मेगाहर्ट्‌झवर, काही देशांत ३१५ वर. उत्तर जुळलं की कुलूप उघडतं. यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: चावीला हाक ऐकू आली, म्हणजे ती जवळच असणार. चोर नेमका इथेच हात घालतात. एकजण गाडीला खेटून उभा राहतो, दुसरा अँटेनाची पिशवी घेऊन घराच्या दाराशी. गाडीची हाक पहिला उचलतो, दुसऱ्याच्या यंत्रातून ती आत टेबलावर पडलेल्या चावीपर्यंत जाते आणि चावीचं उत्तर गाडीपर्यंत पोचतं. पहारेकऱ्याने खुणेचा शब्द विचारावा आणि चोराने तो झोपलेल्या मालकाकडूनच वदवून घ्यावा, तसा हा प्रकार. सांकेतिक आकडे कितीही अवघड असोत, इथे ते फोडावेच लागत नाहीत. त्यामुळे ‘आमचं एन्क्रिप्शन मजबूत आहे’ हे विक्रेत्याचं उत्तर या प्रश्नाला लागूच होत नाही.

ही काही काल-परवाची शंका नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या ऑरेलियाँ फ्रांसियाँ, बोरिस दानेव आणि स्रजान चापकुन यांनी ८ कंपन्यांची १० मॉडेलं तपासून २०११ साली निष्कर्ष मांडले. दहाच्या दहा गाड्या उघडल्या आणि सुरूही झाल्या. जर्मनीतल्या एडीएसी या मोटारचालकांच्या संघटनेने २०१६ पासून अशाच चाचण्या लावल्या आणि नव्या नव्या मॉडेलांवर चालू ठेवल्या. बहुसंख्य गाड्या त्यात उघडल्या गेल्या. इतकं जगजाहीर असूनही गाडी ताब्यात देताना मालकाच्या कानावर यातलं काही घालत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

अलार्मचं काय, असं कोणीही विचारेल. अशा चोरीचं सीसीटीव्ही चित्रण ज्यांनी पाहिलंय त्यांना उत्तर ठाऊक आहे. एकजण छातीशी पिशवी धरून दारासमोर इकडून तिकडे सरकतो. अचानक गाडीचे इंडिकेटर लुकलुकतात, मिटलेले आरसे उघडतात, आतला दिवा लागतो. दुसरा आत बसतो आणि गाडी शांतपणे निघून जाते. काच फुटत नाही, सायरन वाजत नाही. वाजणार कसा? योग्य चावीचं उत्तर आलं की अलार्म स्वतःहून बंद होतो, तशीच त्याची रचना आहे. घुसखोरी ओळखणारा आतला अल्ट्रासोनिक सेन्सर, गाडी उचलली की जागा होणारा टिल्ट सेन्सर, बॉनेटखालचा स्विच हे सगळे काच फोडणाऱ्या किंवा गाडी ओढून नेणाऱ्या चोरासाठी आहेत आणि तिथे ते उपयोगीही पडतात. मात्र सायरनलाही मर्यादा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतल्या ११६ क्रमांकाच्या नियमानुसार तो एका वेळी कमीत कमी २५ आणि जास्तीत जास्त ३० सेकंद वाजायचा असतो. वाऱ्याने, मांजराने, फटाक्याने वाजणाऱ्या सायरनची शेजाऱ्यांना सवय झालेली असते, तेवढ्यात कोण उठून खिडकीत येणार? वर आणखी एक त्रास: मोडतोडीची खूणच नसल्यामुळे गाडी खरंच चोरीला गेली, हे विमा कंपनीला पटवून देण्याचा भार मालकावर येऊ शकतो. दोन्ही चाव्या जपून ठेवा, असं मी सगळ्यांना सांगतो.

एकदा सुरू झालेली गाडी चावी दूर गेली तरी बंद पडत नाही, फक्त इशारा देते. ते बरोबरच आहे. भर रस्त्यात इंजिन बंद पडलं तर जीव जाईल. पण याच रचनेची दुसरी बाजू चोरीपेक्षा भयंकर आहे. चावी खिशात टाकून माणूस घरात जातो आणि बंदिस्त गॅरेजमध्ये इंजिन चालूच राहतं. आजची इंजिनं इतकी कमी आवाज करतात की कळतही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ मध्ये दिलेल्या माहितीनुसार अमेरिकेत २००६ पासून अशा प्रकारे किमान २८ माणसं दगावली होती. ठरावीक वेळाने इंजिन आपोआप बंद करणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हतं. टोयोटाने अमेरिकेत २०२० च्या मॉडेलांपासून ते देण्याचं जाहीर केलं. इतकी वर्षं का लागावीत?

उपाय आहेत. पहिला चावीतच: हालचाल ओळखणारा छोटा सेन्सर. चावी काही मिनिटं जागची हलली नाही की ती झोपते आणि गाडीच्या हाकेला उत्तरच देत नाही. रात्री टेबलावरच्या चावीला त्याने पुरेसं संरक्षण मिळतं, खिशात घालून फिरताना मात्र मिळत नाही. दुसरा जास्त पक्का: अल्ट्रा-वाइडबँड. यात संदेश जायला-यायला लागलेला वेळ मोजतात. हा रेडिओ संदेश प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे एका नॅनोसेकंदात (सेकंदाच्या अब्जाव्या भागात) जवळपास ३० सेंटिमीटर जातो; मध्ये कोणी संदेश पुढे ढकलला तर वेळ वाढतोच, कमी करता येत नाही. संदेशाची ताकद वाढवता येते, वेळ मागे घेता येत नाही. हे तंत्र नीट बसवलेल्या गाड्यांपुढे चोरांच्या यंत्रांचं फारसं चालत नाही. आज ते मुख्यतः महागड्या मॉडेलांत दिसतं. कीलेस एन्ट्री खालच्या मॉडेलपर्यंत उतरवली, तर तिचं संरक्षण वरच का ठेवलं?

ज्यांच्या गाडीत यातलं काहीच नाही, त्यांनी दोन्ही चाव्या, म्हणजे जादाचीसुद्धा, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात किंवा सिग्नल अडवणाऱ्या पाकिटात ठेवाव्यात. पण विश्वास ठेवण्याआधी तपासा: चावी आत बंद करून गाडीपाशी जा आणि हँडल ओढा. दार उघडलं तर पाकीट निरुपयोगी. अशा पाकिटांचं अस्तर वापराने झिजतं, म्हणून ही तपासणी अधूनमधून करत राहा. चावी मायक्रोवेव्हमध्ये ठेवा असा सल्ला फिरतो, तो अजिबात ऐकू नका; कोणी चुकून बटण दाबलं तर आग लागेल. स्टिअरिंगला लावायचा जाडजूड लोखंडी लॉक जुना वाटेल, पण हेडलाइटमागच्या वायरिंगमधून गाडीच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे आतल्या संगणकांना जोडणाऱ्या जाळ्यात, शिरणाऱ्या चोराला अडवायला आजही तोच हाताशी आहे. त्या प्रकारात चावीची गरजच नसते.

अनेक गाड्यांमध्ये कीलेस सुविधा सेटिंगमधून किंवा चावीची बटणं ठरावीक क्रमाने दाबून बंदही करता येते. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना गाडी देताना पेढे दिले, फोटो काढला, पडद्यावर गाणी कशी लावायची ते दाखवलं. हे मात्र सांगितलं नाही. चावीची बॅटरी संपली तर काय करायचं, तेही नाही. रात्री उशिरा बंद गाडीसमोर उभं राहिल्यावर त्यांनी फोन केला, तेव्हा मी सांगितलं: रिमोटच्या कडेची खटकी सरकवा, आतून बारीक चावी निघेल. हँडलवरची टोपी काढा, तिच्यामागे कुलपाचं भोक आहे. आत बसल्यावर रिमोट थेट स्टार्टच्या बटणाला टेकवून दाबा. इतक्या जवळून बॅटरीशिवायही गाडी चावीला ओळखते. गाडी सुरू झाली.

तेव्हा आपल्याला विनंती अशी. पुढच्या तुलनेपासून ‘कीलेस एन्ट्री’च्या रकान्याखाली चार रकाने वाढवा: मालकाला बंद करता येते का, चावीत हालचालीचा सेन्सर आहे का, अंतर अल्ट्रा-वाइडबँडने मोजतात का, इंजिन विसरून चालू राहिलं तर आपोआप बंद होतं का. कंपन्यांच्या प्रतिनिधींना आपले वार्ताहर एरवीही भेटतात, त्यांनी हे प्रश्न विचारावेत. एखाद्या कंपनीने उत्तर दिलं नाही, तर त्या चौकटीत ‘उत्तर दिलं नाही’ असं छापा.

आपला नम्र,
एक नियमित वाचक