बातमीतले औषध पेशींवर, उंदरांवर की माणसांवर तपासले?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

स्वादुपिंडाच्या कर्करोगाची वाढ आणि प्रसार रोखणारे नवे रसायन सापडल्याच्या बातम्या वर्षातून दोन-चारदा तरी वाचनात येतात. औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली आणि थोरले बंधू मला याच आजाराने गमवावे लागले, म्हणून या बातम्यांबाबत आपणास एक विनंती करावीशी वाटते.

बंधू आयुष्यभर यंत्रमागावर राबले. पाठदुखी, मंदावलेली भूक आणि साठीनंतर अचानक जडलेला मधुमेह यांचा एकमेकांशी संबंध कोणीच जोडला नाही, आणि अडीच महिने केवळ पित्ताची औषधे चालली. डोळे पिवळे पडल्यावर सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठली, तेव्हा रोग यकृतापर्यंत पोहोचल्याचे कळले. त्याच आठवड्यात शेजाऱ्यांनी अशाच एका बातमीचे कात्रण आणून दिले. बंधूंनी ते घडी घालून गोळ्यांच्या डब्यात ठेवले आणि डॉक्टरांच्या प्रत्येक भेटीत ते त्यांच्यापुढे धरले. ते औषध अजून उंदरांच्या पलीकडे गेलेले नाही, हे त्यांना समजावण्याची वेळ माझ्यावर आली. बातमीत उंदरांचा उल्लेख होता, परंतु तो शेवटून दुसऱ्या ओळीत.

प्रयोगशाळेत वाढ आणि प्रसार यांची परीक्षा वेगवेगळी होते. वाढीसाठी लहान खळग्यांच्या तबकडीत कर्कपेशी वाढवून त्यांना रसायनाच्या चढत्या मात्रा देतात आणि दोन-तीन दिवसांनी किती पेशी जिवंत राहिल्या ते मोजतात. प्रसारासाठी पेशींच्या सलग थरावर बारीक चरा ओढून तो किती तासांत भरून निघतो ते पाहतात, किंवा सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यावर जेलचा थर देऊन त्यातून किती पेशी पलीकडे घुसतात याची गणती करतात. ही कामे मोलाची आहेत, कारण त्यांच्याशिवाय पुढचे पाऊल पडतच नाही. मात्र रुग्णाच्या शरीरात या गाठीभोवती तंतुमय ऊतींचे दाट वेष्टन असते, त्यात रक्तवाहिन्या दबून जातात आणि औषध आत पुरेसे झिरपत नाही. तबकडीत हा अडथळा नसतो. आपल्या हळदीतील कुर्क्युमिन तबकडीतल्या कर्कपेशींना सहज मारते, पण पोटात घेतल्यावर रक्तात अत्यल्प उतरते, हे याच जातीचे उदाहरण.

उंदरांवरील यशसुद्धा माणसांत टिकेलच असे नाही. हे वेष्टन विरळ करणाऱ्या एका औषधाने जेमसायटाबिन या प्रचलित कर्करोगविरोधी औषधाच्या जोडीने उंदरांचे आयुष्य वाढवल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच तत्त्वावरील औषधाची रुग्णांवरील चाचणी २०१२ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्यांची प्रकृती न घेणाऱ्यांपेक्षा अधिक लवकर ढासळत होती. ज्याला केवळ अडथळा मानले होते, ते वेष्टन गाठीला काही अंशी आवरही घालते, हे पुढील प्रयोगांतून उमगले.

तरीही मी निराश नाही. जेमसायटाबिनला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. पुढे चार औषधांच्या एकत्रित उपचाराने प्रसार झालेल्या रुग्णांचे मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगतात तो काळ) ६.८ वरून ११.१ महिन्यांवर नेल्याचे २०११ मध्ये सिद्ध झाले. ज्याच्या घरी हे घडले आहे, तो या चार महिन्यांना थोडे म्हणणार नाही. या रोगाच्या दहापैकी नऊहून अधिक गाठींत केआरएएस हे जनुक बिघडलेले असते. त्यावर औषध सापडणे अशक्य, असेच दीर्घकाळ मानले जाई. २०२१ मध्ये त्याच्या एका प्रकारच्या बिघाडावरील सोटोरासिब या औषधाला फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. तो प्रकार स्वादुपिंडात शंभरात एखाद-दुसऱ्याच रुग्णात आढळतो, पण वाट खुली झाली.

सोलापूरकरांना या शास्त्राशी आपला काय संबंध असे वाटू नये. बार्शीचे कर्करोग रुग्णालय ज्यांच्या नावाने उभे आहे, त्या नर्गिस दत्त १९८१ मध्ये याच आजाराने गेल्या. त्याच बार्शीच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने एकदाच केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटतात, हे २००९ मध्ये जगाला दाखवून दिले. खेड्यापाड्यांतील आपल्या बायाबापड्यांनी ते ज्ञान घडवले आहे.

म्हणून विनंती अशी की, नव्या औषधाची बातमी देताना त्याची परीक्षा पेशींवर, उंदरांवर की माणसांवर झाली, हे पहिल्याच परिच्छेदात छापावे. माणसांवर झाली असल्यास टप्पा कोणता आणि रुग्ण किती, हेही द्यावे. चाचणी भारतात सुरू असेल तर भारतीय चाचणी नोंदवहीतील तिचा क्रमांक जरूर द्यावा. ही नोंद २००९ पासून बंधनकारक आहे आणि ती संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. सहभागी होणाऱ्याची लेखी संमती आणि चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई यांची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे, तीही अधूनमधून छापावी. बंधूंच्या वेळी असा क्रमांक हाती असता, तर डॉक्टरांना नेमके काय विचारायचे, हे आम्हाला कळले असते.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सोलापूर