बाबा, आधी पित्ताची नळी टाकून घ्या

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही दोघं एकदमच बोलता, मग आई रडते आणि काहीच ठरत नाही. म्हणून लिहितेय. आईने सावकाश वाचून दाखवायचं आणि बाबांनी मध्ये बोलायचं नाही.

बाबा, गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याशी आहे आणि यकृतापर्यंत पोचलीय, हे डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं. बरं केलं. मामाच्या वेळी आपण सगळ्यांनी जे नाटक केलं, ते पुन्हा माझ्याच्याने झालं नसतं. गाठ काढायचा विषय आता नाही. विषय आहे तो तुंबलेल्या दोन वाटांचा. पित्ताची नळी दाबली गेलीय, म्हणून डोळे पिवळे, शौचाला पांढरट आणि रात्रभर खाज. आणि जठरातून खाली उतरणारी वाट आवळत चाललीय, म्हणून सकाळची पेज संध्याकाळी तशीच्या तशी उलटून पडते.

तुम्ही म्हणालात, "पाट तुंबला तर काठीने ढोसत बसायचं नाही, वरून नवा पाट काढायचा. कापू देत एकदाच." कुळागरात, पोफळीच्या बागेत, ते खरं. पण नवा पाट काढला म्हणून मेरेचा बांध महिनाभर अंथरूण धरत नाही, बाबा.

लंडनमध्ये 204 रुग्णांवर हीच तुलना झाली होती, 1994 साली ती छापून आली. काहींना तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेत नळी बसवली, बाकीच्यांचं पोट उघडून बायपास केला, म्हणजे अडथळा टाळून पित्ताला आतड्यात नवी वाट काढून दिली. उपचारापायीच दगावले ते नळीवाल्यांत 3 टक्के, ऑपरेशनवाल्यांत 14 टक्के. पुढचं आयुष्य दोन्हीकडे जवळजवळ सारखंच. तुमची बाजूही त्यात आहे, लपवत नाही: नंतर पुन्हा कावीळ झाली ती नळीवाल्यांतल्या 36 जणांना, ऑपरेशनवाल्यांतल्या फक्त दोघांना. पण त्या नळ्या प्लॅस्टिकच्या होत्या. शेजारच्या काकांचीही तीच होती, तीन महिन्यांत गाळ बसून तुंबली आणि थंडी वाजून ताप भरला. तुमच्या डोक्यात तेच बसलंय. तुम्हाला धातूची जाळीदार नळी घालणार आहेत. ती आत गेल्यावर फुलते, तोंड रुंद असतं, त्यामुळे बरीच जास्त टिकते. कधीच तुंबत नाही असं मात्र नाही.

दुर्बिणीने ही नळी बसवतात त्याला ईआरसीपी म्हणतात. त्यानंतर काहींच्या स्वादुपिंडाला सूज येते. ती टाळायला त्या वेळी गुदद्वारातून एक गोळी ठेवतात. लाजू नका, घालू द्या.

पोटाच्या वाटेवरून मात्र मी तुमच्याशी भांडणार नाही. तिथेही जाळी बसवता येते. हॉलंडमध्ये 39 रुग्णांचा अभ्यास झाला, 2010 साली छापलेला. जाळीवाले पाचेक दिवसांत नीट जेवू लागले, बायपासवाल्यांना, म्हणजे जठर थेट लहान आतड्याला जोडलेल्यांना, आठेक दिवस लागले. पण पुढे जाळीवाल्यांनाच जास्त त्रास झाला. म्हणून त्या डॉक्टरांनी लिहिलं, की दोन महिने किंवा त्याहून जास्त हातात असतील तर बायपास बरा. हे वाक्य मी दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा लिहिलं, कारण तुम्ही विचारणारच. हल्ली तो बायपास दुर्बिणीने छोट्या छेदांतूनही करतात. शिवाय एंडोस्कोपच्या टोकाला सोनोग्राफी असते, तिच्या आधाराने जठर आणि लहान आतडं आतूनच जोडायची नवी पद्धत आलीय. तुमच्या बाबतीत जमेल का, ते मी बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात तुमच्याबरोबर येऊन विचारणार आहे.

क्रम मात्र बदलू देऊ नका. पित्ताची नळी आधी. पोटाची जाळी आधी बसली तर पित्तनलिकेचं तोंड तिच्याआड जातं आणि मग दुर्बिणीने तिथे पोचणं अवघड होतं. मधल्या काळात खाज जाईल, झोप लागेल, अंगात थोडी ताकद येईल. पोट कापायचंच ठरलं तर त्या अंगाने कापलेलं बरं.

आई, तुझ्यासाठी. रक्त पातळ करायची गोळी बाबा घेतात, ते डॉक्टरांना आधीच सांग. काविळीत रक्त गोठायला वेळ लागतो, त्यासाठी व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देतील, घाबरू नकोस. पुढे पोटात जाळी बसलीच तर तांबडी भाजी, अननस, चोथ्याचं काही नाही, आणि तारल्यांचे काटेही नकोत. पेज चालेल, मऊ भात चालेल, सोलकढी गाळून. नळी बसल्यावर थंडी वाजून ताप आला किंवा डोळे परत पिवळे दिसले तर सोमवारची वाट बघायची नाही, त्याच रात्री गाडी काढायची.

मी गुरुवारी पहाटे पोचते. दीनदयाळ आरोग्य योजनेचं कार्ड आणि स्कॅनची फाईल एका पिशवीत भरून ठेव. आणि बाबांना कुळागरात उतरू देऊ नकोस. पाटातलं गवत भाऊ काढेल, मी त्याला सांगितलंय.

तुमची,
बाय