मालाबरोबर शेताचा पत्ताही आला पाहिजे

महोदय,

जंगल तोडून पिकवलेला माल आयातदार देशांनी घ्यावा की नाही, या चर्चेत हल्ली ‘जाचक अटी’ हा शब्द फार कानावर येतो. अटी कमी करा, कागद कमी करा, असा धोशा सुरू आहे. यातली कोणती अट कमी केली तर सगळेच मुसळ केरात जाईल, एवढेच मला सांगायचे आहे.

ब्राझीलमधले गोमांस घ्या. तिथे जनावर एकाच कुरणावर जन्मून, वाढून थेट कत्तलखान्यात गेले, असे सहसा होत नाही. वासरू एकाकडे जन्मते, दूध तुटल्यावर दुसऱ्याकडे विकले जाते आणि अंगावर मांस चढवण्यासाठी शेवटी तिसऱ्याच्या कुरणात येते. कत्तलखान्याचा व्यवहार होतो तो या तिसऱ्याशी. त्याचे कुरण जुने, कागदपत्रे चोख, उपग्रहाच्या चित्रातही नवी तोड नाही. पण वासरू जिथे जन्मले, ती जमीन कदाचित दोन वर्षांपूर्वीच आग लावून मोकळी केलेली असते. जळके बुंधे अजून उभे असतात आणि त्यांच्यामधूनच गवत पेरलेले असते. दोन वेळा हात बदलले की त्या वासराचा जन्म कुठे झाला, हे विचारणारा कोणी उरत नाही.

हा माग काढताच येत नाही, असे मात्र नाही. लाळ्या-खुरकुतासारखे रोग पसरू नयेत म्हणून ब्राझीलमध्ये गुरे एका जागेहून दुसरीकडे हलवताना परवाना घ्यावाच लागतो. म्हणजे कोणता कळप कुठून कुठे गेला, हे सरकारदरबारी लिहिलेले असते. रोगासाठी जी नोंद चालते, ती जंगलासाठी का चालू नये?

युरोपीय संघाने जून २०२३ मध्ये केलेल्या कायद्याने नेमके इथेच बोट ठेवले. गुरे, कोको, कॉफी, पाम, रबर, सोयाबीन आणि लाकूड हा माल ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा असेल, तर तो युरोपच्या बाजारात येणार नाही. त्यासाठी शेताचे अक्षांश-रेखांश द्यायचे आणि गुरांच्या बाबतीत तर ती जिथे जिथे ठेवली त्या प्रत्येक जागेचे द्यायचे. हाच या कायद्याचा प्राण आहे. पण अंमलबजावणीची तारीख डिसेंबर २०२४ वरून डिसेंबर २०२५ आणि तिथून डिसेंबर २०२६ वर गेली. लहान उद्योगांना तर जून २०२७ पर्यंत सवलत मिळाली. ज्यांनी पदरचे पैसे घालून वेळेत तयारी केली, ते यात मूर्ख ठरले. याची मला खरोखर चीड येते.

अशा अटींचा उपयोग होतो, याचा दाखला आहे. २००६ मध्ये सोयाबीनच्या मोठ्या व्यापाऱ्यांनी ॲमेझॉनमधल्या नव्या तोडीवरचे सोयाबीन घ्यायचे नाही असे ठरवले. त्यानंतरही तिथला सोयाबीनचा पेरा वाढत गेला, पण बहुतेक आधीच उघड्या पडलेल्या जमिनीवर. मात्र शेजारचा सेराडो हा ब्राझीलमधलाच प्रदेश त्या करारात नव्हता. तिथे उंच दाट झाडी कमी, गवत आणि खुरटी झाडे जास्त. मुळे मात्र खोलवर जातात आणि मोठमोठ्या नद्या तिथूनच उगम पावतात. ब्राझीलच्या कायद्याने ॲमेझॉनच्या जंगलात जमीनमालकाला ८० टक्के जमीन न तोडता राखावी लागते, सेराडोच्या बहुतांश भागात फक्त २०. म्हणजे तिथली बरीचशी तोड कायदेशीरच. आणि युरोपच्या कायद्यातली ‘जंगला’ची व्याख्या अशी, की सेराडोचा मोठा भाग तिच्याबाहेर राहतो. व्याख्येत बसत नाही म्हणून उजाड होऊ द्यायचे, हे मला पटत नाही.

लहान शेतकऱ्यावर बोजा पडेल हा आक्षेप खरा आहे, आणि तो मनापासून घेणाऱ्यांशी माझे भांडण नाही. आयव्हरी कोस्ट आणि घाना मिळून जगातला निम्म्याहून अधिक कोको पिकवतात, तोही बहुतेक अशा छोट्या तुकड्यांवर. पण चार हेक्टरपर्यंतच्या शेताला नकाशा लागत नाही, एका बिंदूचे अक्षांश-रेखांश पुरतात. शेतात उभे राहून मोबाइलवर तेवढे टिपता येते. हे काम व्यापाऱ्याने स्वतःच्या खर्चाने करावे, भावातून कापून नव्हे. आणि त्या नोंदीची एक प्रत शेतकऱ्याच्या हातात द्यावी. नाहीतर शेत त्याचे आणि शेताचा पत्ता व्यापाऱ्याच्या खिशात, अशी गत होईल. पुढच्या हंगामात दुसऱ्या कोणाला माल विकायचा म्हटला, तर त्याच्याकडे दाखवायला काहीच नसेल.

– एक वाचक